यादी काढून टाक

सातारा
रविवार, दुपार

चि. मृणाल हिस,


फोनवर बोलले असते, पण फोनवर तू "हो आत्या, बघते" म्हणतेस आणि विषय बदलतेस. म्हणून लिहायला बसले. पुरतं वाच, मध्येच ठेवून देऊ नकोस.

शुक्रवारी कराडला लग्नाला गेले होते. पंगतीत शेजारी आमचे जुने सर्जन सर बसले. त्यांच्या हाताखाली मी वर्षानुवर्षं थिएटरला उभी राहिले आहे, अजून मला 'सिस्टर' म्हणूनच हाक मारतात. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर म्हणाले, "नाशिकला ती यादी लावणारी मुलगी तुमची भाची ना?" मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्यांचे विद्यार्थी तुमच्या रुग्णालयात आहेत. रुग्णालयाच्या नोंदी संगणकावर आणायचं काम तुझं, म्हणून दर सोमवारी तू डॉक्टरांच्या खोलीबाहेर कागद लावतेस. संगणकावरच्या नोंदी ज्यांच्या अपुऱ्या, त्यांची नावं लाल अक्षरांत. आणि तोच कागद व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतेस, जिथे विभागप्रमुखांपासून इंटर्नपर्यंत सगळे आहेत. पुढे माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

एवढंच असतं तर मी लग्नातल्या गप्पा म्हणून सोडून दिलं असतं. पण सर पुढे काय म्हणाले ते ऐक. तुमच्या वॉर्डात एका म्हाताऱ्या बाबांचा कॅथेटर काढला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकावर नोंद पडली, 'कॅथेटर आहे, लघवी स्वच्छ'. त्याच्या आदल्या दिवशीही हीच नोंद होती, शब्दन् शब्द. निवासी डॉक्टरने जुनी उचलून नवीन तारखेखाली चिकटवली, कारण दहाच्या आत रकाने भरले नाहीत तर सोमवारी नाव लाल होणार. त्या रात्री बाबांची लघवी अडली, पोटात कळा यायला लागल्या. रात्रपाळीचा डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर अडकलेला. त्याने तिथूनच पडद्यावर नोंद वाचली, कॅथेटर आहे म्हणजे लघवीचा प्रश्न नाही असं धरलं आणि पोटदुखीचं औषध सांगितलं. शेवटी सिस्टरनेच पांघरूण बाजूला करून पाहिलं आणि त्याला खाली बोलावून घेतलं. बाबा वाचले. दर वेळी अशी सिस्टर असेलच असं नाही.

मृणाल, ती यादी काढून टाक. उद्या सकाळी कामावर गेल्या गेल्या काढ. कारणं खाली लिहिते आहे, पण आधी काढ.

तू म्हणशील, आत्या, यादी लावण्याआधी निम्मे डॉक्टर संगणकाला हातही लावत नव्हते, आता सगळे रकाने हिरवे दिसतात. मला त्या हिरव्याचीच भीती वाटते. सरांनी मला फोनवर एक लेख पाठवला, २०१७ चा. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात भरती रुग्णांच्या २३,६३० नोंदी कोणीतरी बारकाईने तपासल्या. त्यातला १८ टक्के मजकूर हाताने टाइप केलेला होता. ४६ टक्के जुन्या नोंदींतून चिकटवलेला, आणि राहिलेला ३६ टक्के लॅबचे आकडे, औषधांच्या याद्या असा आपोआप आलेला. एवढं मोठं विद्यापीठ, तिथे कोणी लाल अक्षरांत नाव लावलं म्हणून हे झालं नाही. दमलेला माणूस सोपी वाट धरतो, म्हणून झालं. तुझ्या डॉक्टरांना तर तू स्वतः त्या वाटेवर ढकलते आहेस. रुग्णाने कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे, असा आपल्याकडे २००२ पासूनचा नियम आहे. उद्या अशी एखादी चिकटवलेली नोंद नातेवाइकांच्या वकिलाच्या हातात पडली, तर ती लिहिणारा विशीपंचविशीचा पोरगा काय उत्तर देणार? त्याच्या नावावर आहे ना ती!

आम्ही नर्सिंग शिकत होतो तेव्हाचं सांगते. तुझ्या आईलाही हे मी कधी सांगितलेलं नाही. माझ्याबरोबर वाईची एक मुलगी होती. घाबरून रडणारं मूल तिच्या हातात दिलं की गप्प व्हायचं, असा तिचा हात होता. रात्री मेडिकल वॉर्डात एक सिस्टर आणि आमच्यापैकी एक शिकाऊ, बस. खाटा भरलेल्या, दोन खाटांच्या मध्ये खाली गाद्या. अशा रात्री ताप-नाडी-श्वासाचे तक्ते पुरे होणार कसे? ती एखाद्या अत्यवस्थ पेशंटजवळ बसून राहायची आणि तक्त्यात जागा रिकाम्या राहायच्या. पुढे तपासणी येणार म्हणून मेट्रनबाईंनी अपुरे तक्ते असणाऱ्या मुलींची नावं होस्टेलच्या फळ्यावर लिहिली. तिचं पहिलं. त्यानंतर तिचा एकही तक्ता कधी रिकामा दिसला नाही. नाडी ८०, श्वास २०, ताप ९८.४. खाटेमागून खाट तेच. पहाटे टेबलाशी बसून ती लिहायची आणि मी शेजारी बसलेली असायचे.

मेट्रनबाई दुष्ट नव्हत्या. तक्ते रिकामे का राहतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगणार होते. त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. त्या मुलीचं पुढे लग्न झालं, ती नागपूरकडे गेली, पत्रं थांबली. मला मात्र तो फळा अजून दिसतो. रिकामी जागा होती तोवर सकाळच्या सिस्टरला निदान कळत तरी होतं की या पेशंटकडे रात्री कोणी फिरकलेलं नाही, आधी याच्याकडे जायला हवं. ८०, २०, ९८.४ लिहिलं की तेही कळायचं बंद झालं.

तुझी आई सांगत होती, तू म्हणालीस की डॉक्टर आळशी आहेत, त्यांना बदल नको असतो. बाळ, हे बरं नाही बोललीस. सोमवारी सकाळी मेडिसिनच्या ओपीडीत डॉक्टरच्या शेजारी स्टूल टाकून बसली आहेस का कधी? ट्रेनिंग द्यायला नव्हे, नुसतं बघायला. पेठ, सुरगाण्याहून पहाटेच्या एस्टीने आलेली माणसं रांगेत असतात. एक बाई पुढे येते, कॅरीबॅगमधून कागदांचा गठ्ठा काढते. त्यात तीन दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, एक्स-रेचं पाकीट, रेशनकार्डाची झेरॉक्स. डॉक्टरने तो गठ्ठा वाचायचा, तिचं ऐकायचं, पोट तपासायचं, आणि मग तुझा पडदा. आत शिरायला पासवर्ड, मग आजाराचं नाव शोधायला लांबलचक उतरती यादी, मग औषध, मग डोस, मग 'सेव्ह', मग काहीतरी राहिलं म्हणून लाल चौकट. तोवर बाई त्याच्या पाठीशी बोलत असते, कारण संगणक ठेवलाय भिंतीकडे तोंड करून. बाहेर रांगेत शंभर जण. अमेरिकेत डॉक्टरांच्या कामाचा वेळ मोजला, त्याचा अहवाल २०१६ साली आला; त्यात रुग्णासमोरच्या एका तासामागे जवळजवळ दोन तास संगणकावर आणि कागदी कामात जातात असं दिसलं. आणि तिथे आपल्यासारखी रांग नसते.

त्या पोराने वेळ कशातून काढायचा, ते तू मला सांग. पोट तपासण्यातून?

मी काही कागदाची कड घेत नाही. तुला माहीत आहे ना, दिवाळीत तुझ्या बाबांशी मी याच्यावरून भांडले होते. वॉर्डात डॉक्टरांची अक्षरं लावता लावता माझी सगळी नोकरी सरली. कोणतं औषध, शून्य पॉइंट पाच की पाच, हे रात्री दोन वाजता कोणाला विचारायचं? रेकॉर्ड रूममध्ये जुना केसपेपर शोधायला वॉर्डबॉय पाठवला की तो अर्ध्या दिवसाने हात हलवत परत यायचा. तुझं काम मोठं आहे, म्हणून तर ते चुकीच्या हाताने होऊ नये असं वाटतं.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गचं तू शिकताना वाचलं असशील, तरी पुन्हा सांगते. तिथल्या मुलांच्या रुग्णालयाने २००२ च्या ऑक्टोबरमध्ये औषधांच्या ऑर्डरी संगणकावर घ्यायला सुरुवात केली, आणि सगळ्या रुग्णालयात सहा दिवसांत चालू करून टाकलं. दुसऱ्या रुग्णालयांतून तातडीने आणलेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण आधी २.८ टक्के होतं, ते नंतर ६.५७ टक्क्यांवर गेलं. का? आधी मूल रस्त्यात असतानाच डॉक्टर-नर्स औषधं काढून ठेवायचे. आता मूल येऊन त्याचं नाव संगणकात चढेपर्यंत ऑर्डरच टाकता येईना. वॉर्डातली औषधं मध्यवर्ती फार्मसीत नेली. नर्सा खाटेजवळून उठून संगणकाजवळ गेल्या. पुढे सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयाने तीच प्रणाली बसवली, तिथे मृत्यू वाढले नाहीत. त्यांनी पिट्सबर्गला काय अडलं ते आधी समजून घेतलं होतं, नेहमी लागणाऱ्या ऑर्डरींचे संच करून ठेवले होते. प्रणाली एकच, पण एकीकडे माणसांचं काम आधी पाहिलं होतं, दुसरीकडे पाहिलं नव्हतं. ही गोष्ट वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ती आणलेली मुलं येतात. माझी भाची पिट्सबर्गच्या बाजूला उभी आहे, ही कल्पना मला सहन होत नाही.

म्हणून म्हणते, यादी काढ आणि त्या वेळात वॉर्डात जाऊन बस. एक असा विभाग निवड, जिथला एक तरी डॉक्टर आपणहून उत्सुक आहे. माझ्या मते मधुमेहाची ओपीडी. तिथे तेच पेशंट महिन्या-महिन्याने येतात, आणि कागदाला जे जमत नाही ते संगणकाला जमतं: वर्षभरातल्या सगळ्या साखरी, क्रिएटिनिन, वजन एका रेषेत समोर. पेशंट खुर्चीवर बसायच्या आत ती रेषा डॉक्टरला दिसू दे. काहीही टाइप न करता. त्याच्याकडून काही मागायच्या आधी त्याला काही दे, मृणाल. आज तुझा संगणक डॉक्टरकडून फक्त घेतो. त्याने लिहिलेलं सगळं बिलिंगला, विम्याला, तुझ्या तक्त्याला उपयोगी पडतं, त्याला स्वतःला रात्री बारा वाजता काही उपयोगी पडत नाही.

निवासी डॉक्टरला सगळ्यांत नकोसं काम कोणतं, तर डिस्चार्ज कार्ड. निदान, तपासण्या, दिलेली औषधं, सगळं आधीच आत असतं, तरी तो पुन्हा बसून लिहितो आणि घरी जायला निघालेला पेशंट संध्याकाळपर्यंत ताटकळतो. ते कार्ड आपोआप अर्धंअधिक तयार झालं, आणि खाली पेशंटसाठी 'ही गोळी जेवणानंतर' असं मराठीत छापून आलं, की बघ. मग तो पोरगा भरतीच्या दिवशीची नोंद नीट लिहील, कारण ती शेवटी त्यालाच मिळणार आहे. यादीची गरज उरणार नाही.

आमचे मेडिसिनचे सर राउंडला अमेरिकेतल्या डॉ. लॉरेन्स वीड यांचं नाव घ्यायचे. १९६८ साली त्यांनी लिहिलं की रुग्णाचा कागद त्याच्या तक्रारींप्रमाणे, एकेका प्रश्नाखाली मांडला पाहिजे, म्हणजे कागद वाचणाऱ्याला पुढचा विचार सुचतो. सर म्हणायचे, पहिल्या पानावर प्रश्नांची यादी करा, सुटलेला प्रश्न खोडा, राहिलेला उद्याच्या राउंडला समोर असू द्या. तुमच्या प्रणालीत ती प्रश्नांची यादी आहे का? आणि ती कोण खोडतं? त्या म्हाताऱ्या बाबांच्या नावापुढे 'कॅथेटर' हा एक प्रश्न असता आणि काढल्यावर तो एका बोटाने खोडता आला असता, तर दुसऱ्या दिवशीची नोंद खोटी ठरलीच नसती. जुनं चिकटवायची सोयही लगेच बंद करू नकोस, पोरं अडतील. पण चिकटवलेलं फिक्या रंगात दिसू दे, मूळ तारखेसकट. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की हे शिळं आहे.

सिस्टरांना विचार. तुमच्या बैठकीत डॉक्टर असतात, प्रशासन असतं, इंजिनिअर असतात. संगणकावर एका वॉर्डात दिवसभर सगळ्यांत जास्त कोण असतं? पाळी बदलताना सिस्टर ओव्हर देतात ते पडद्यावरून की अजून आपल्या छोट्या वहीतून? वहीतून देत असतील तर ती वही मागून घे आणि वाच. तुमच्या पडद्यात काय कमी आहे ते त्या वहीत लिहिलेलं असतं. सर्जनांना चित्र काढता येईल अशी जागा दे, ते शब्दांत लिहीत नाहीत, आतड्याचं चित्र काढून दाखवतात. पासवर्ड एकाचा आणि वापरणारे दहा, हे तुमच्याकडेही असणार. त्यावर फतवा काढण्याआधी एकदा घड्याळ लावून बघ, एकाने बाहेर पडून दुसऱ्याने आत शिरायला किती वेळ लागतो.

असं काम जमलेलं बघायचं असेल, तर छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगचं रुग्णालय आहे, दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या डॉक्टरांनी उभं केलेलं. खेड्यातल्या गरिबांचं. 'बाह्मनी' ही मोफत मिळणारी नोंदप्रणाली तिथल्याच कामातून वाढली, आणि आता कितीतरी देशांत चालते. शक्य असलं तर सुट्टी काढून जाऊन ये. तिकिटाचे मी देईन.

वयस्कर डॉक्टर 'बंद पडलं तर?' विचारतात, तेव्हा डोळे फिरवू नकोस. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, आणि कित्येक दिवस तिथली ओपीडी हाताने कागदावर चालवावी लागली. त्यांचा प्रश्न खरा आहे. त्याला उत्तर म्हणून प्रत्येक वॉर्डात कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा ठेव आणि तो कुठे आहे ते रात्रपाळीला माहीत असू दे. आणि सरकारच्या 'आभा' आरोग्य-खात्याचा चौदा आकडी नंबर काढायला पेशंटला घाई करू नकोस. तो घेणं ऐच्छिक आहे, आणि आपले कागद कोणाला दाखवायचे याची संमती त्याने द्यायची असते. रांगेतल्या बाईला हे समजेल असं सांगणारं माणूस ठेव.

पुष्कळ लिहिलं. हात दुखायला लागला, आणि वाचून पाहिलं तर तुझ्यावर नुसती रागावते आहे असं दिसतंय. पण मला माहीत आहे तुझा राग कुठून येतो ते. आपल्या अण्णांना सल्फाची औषधं चालत नाहीत, हे साताऱ्याच्या कागदावर ठळक लिहिलेलं होतं. कागद कपाटात, अण्णा पुण्यात. तिथे त्यांना सल्फा दिलं गेलं. त्यांच्या अंगावरची ती कातडी तू पाहिलीस तेव्हा तू बारा वर्षांची होतीस, आणि तुझ्या बाबांनी तुला खोलीत जाऊ द्यायला नको होतं. अण्णा त्यातून उठले, पण पूर्वीचे अण्णा पुन्हा दिसले नाहीत. इंजिनिअरिंगला असताना तू मला म्हणालीस, "आत्या, असं पुन्हा कोणाचं होऊ नये असं काहीतरी मी करणार." त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका अभिमान वाटला. रिकामा रकाना दिसला की तुला अण्णा दिसतात. मलाही दिसतात. पण पुण्यातल्या त्या तरुण डॉक्टरने तेव्हा कागद वाचायचं टाळलं नव्हतं गं, त्याच्यासमोर कागदच नव्हता. आज त्याच्यासमोर सल्फाचा इशारा येईलही, पण त्याआधी साध्या पॅरासिटमॉलपासून प्रत्येक औषधाला एकेक इशारा आला असेल, तर तो न वाचता बोट दाबून पुढे जाईल. अण्णांसाठीचा एक इशारा वाचला जावा म्हणून बाकीचे फुटकळ इशारे बंद करून घे. हे काम तुझ्याइतक्या मायेने दुसरं कोणी करणार नाही, म्हणून तुझ्यावर टाकते आहे.

आणि ज्या निवासी डॉक्टरने ती कॅथेटरची नोंद चिकटवली, त्याला शोधू नकोस. कधी भेटला तर चहा पाज. त्याच्या आईला माहीत नसेल तो किती तास उभा असतो ते. तुझ्या आईला तरी कुठे माहीत आहे! तूही रात्री अकराला घरी येतेस आणि मॅगी खाऊन झोपतेस, हे मला शेजारच्या काकूंकडून कळतं. डबा लाव. पाठीचं दुखणं कसं आहे? ओपीडीत स्टुलावर बसशील तेव्हा भिंतीला टेकून बस, सकाळभर तशी बसलीस तर रात्री वाकता येणार नाही. तुझे बाबा या आठवड्यात नाशिकला येणार आहेत, त्यांच्याबरोबर तेल आणि शेंगदाण्याची चटणी पाठवते. चटणी वॉर्डात सिस्टरांनाही दे थोडी.

मला काही चुकीचं समजलं असेल तर तसं सांग, मी सरांना फोन करून सांगेन. बरोबर असेल तरी फोन कर. उशिरा केलास तरी चालेल, मला झोप लागायला बारा वाजतातच.

तुझी,
आत्या